बारा मागितले, एकवीस आले

अक्का, आज ऑफिसात मी म्हैसूरपाक वाटला. पोरांना वाटलं माझा वाढदिवस आहे. मी म्हटलं, चूक सापडली, आणि ती माझी आहे, म्हणून. ती एकमेकांकडे बघायला लागली. तुमच्या खोलीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. ज्याची चूक सापडेल त्याने म्हैसूरपाक आणायचा, हा तुमचा कायदा. नागपूरहून नवी आलेली मी पहिल्या वर्षी तो इतक्यांदा आणला की कोपऱ्यावरचा मिठाईवाला मला लांबून बघूनच डबा बांधायला घ्यायचा. तुम्ही मात्र कधीच आणला नव्हता, आणि त्याचा तुमच्यापेक्षा मलाच जास्त तोरा होता.

तेव्हा आपल्या प्रयोगशाळेच्या आसपास, हेब्बाळच्या तळ्याकडे, शेतंच जास्त होती. खिडकीतून वारा आला की प्रिंटरचे कागद उडायचे, आणि तुम्ही त्यावर जेवणाचा डबा ठेवायचात. विमानाच्या पंखासाठीचे चौरस नमुने किती थरथरतील, हे आपलं गणित. सगळी प्रयोगशाळा तुमच्या जुन्या फोरट्रान प्रोग्रॅमवर चालायची, आणि मला तेच गणित सी भाषेतल्या तयार प्रोग्रॅमांच्या नव्या लायब्ररीवर उतरवायचं होतं. सगळ्या नमुन्यांची उत्तरं जुळली. एका नव्या नमुन्याचं काही केल्या जुळेना, आणि नेमका त्याच्यावरचा तुमचा अहवाल कमिटीकडे गेलेला. महिन्याभरात तुम्ही निवृत्त होणार होतात. तो तुमचा शेवटचा अहवाल होता.

"अक्का, माझंच काहीतरी चुकलं ना," मी म्हणाले.

"असेल की," तुम्ही म्हणालात. निपाणीचा तो ठसका. "पण आधी लहान कर बघू. एवढ्या मोठ्या कोष्टकाकडे डोळे फाडून काय दिसणार गं? तीन ओळी घे, तीन स्तंभ घे. आणि आकड्यालाच त्याची जागा सांगायला लाव."

म्हणजे पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घरात बारा लिहायचे, दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या घरात एकवीस. मग कोण कुठे सरकलं ते आकडाच बोलतो. माझ्या प्रोग्रॅमकडे बारा मागितले, बारा आले. तीच फाइल तुमच्या प्रोग्रॅमला दिली. बारा मागितले, एकवीस आले. मी पुन्हा चालवून बघितलं. देवा, माझीच चूक निघू दे, असं मी त्या दिवशी खरोखर म्हटलं. एरवी कोण असं मागतं?

तपासणीच्या शेडमधून येणारी फाइल ओळीओळीने भरलेली असायची, आणि तुमचा प्रोग्रॅम ती स्तंभास्तंभाने वाचत होता. जुने नमुने धातूचे, दोन्ही दिशांनी सारखेच ताठ, त्यामुळे आडव्याचं उभं झालं तरी उत्तर बिघडत नव्हतं. नवा नमुना धाग्यांच्या थरांचा, लांबीला ताठ आणि रुंदीला मऊ. त्याने इतक्या वर्षांचं बिंग फोडलं.

मी हळूच म्हणाले, "अक्का, अहवाल सध्या राहू द्या ना. तुम्ही रिटायर झाल्या की मी गुपचूप दुरुस्त करून टाकते."

तुम्ही चष्मा काढलात. आवाज चढवला नाहीत, पण तसं तुम्ही माझ्याशी कधीच बोलला नव्हतात. "दया करतेस होय माझ्यावर? उद्या त्या आकड्यावर कुणीतरी पंख बांधेल की. त्याला काय सांगणार, अक्का रिटायर होणार होती म्हणून?"

मग साहेबांना फोन करून तुम्ही अहवाल मागे घेतलात, पर्स उचललीत, "स्वल्प थांब, आलेच," म्हणालात, आणि म्हैसूरपाकाचा डबा घेऊन आलात. पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवलात आणि हसलात. मला तुमचा भयंकर राग आला. निरोपाच्या दिवशी त्या अहवालाबद्दल साहेब चार शब्द बोलणार होते, ते त्यांनी गिळले. शाल दिली आणि चहा आला. तुम्ही मजेत बिस्कीट बुडवून खात होतात, आणि मी माझं बिस्कीट तसंच बशीत ठेवून दिलं.

आमच्या हल्लीच्या लायब्ररीत मोठ्या कोष्टकातून कापलेला भाग वेगळा नसतो, मूळचाच असतो. त्यात काही बदललं की मूळही बदलतं. हे मी सगळ्यांना शिकवते. तरी दोन दिवस ऑफिसातल्या नव्या मुलीला झापत होते की तुझे आकडे बिघडतायत कसे. शेवटी आज लहान करून बघितलं. बिघडवणारी ओळ माझ्या हातची निघाली. ती म्हणाली, "मॅम, इट्स ओके, मी फिक्स करून टाकते ना. कुणाला कळणार पण नाही."

अक्का, क्षणभर मला ते फार हवंसं वाटलं. आणि तेव्हा कळलं की त्या दिवशी तुम्हालाही वाटलं असेल. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्हाला काहीच वाटलं नाही.

तुम्हाला लिहिलेले हे कागद आता ड्रॉवरमध्ये ठेवते. तुम्ही दिलेला तुकडाही मी असाच ड्रॉवरमध्ये ठेवला होता. तुमच्या चुकीचा म्हैसूरपाक मला खाववला नाही, तो मुंग्यांनी खाल्ला. तुम्ही विचारलंत, कसा होता गं? मी म्हणाले, छान होता.