बोलण्याची जागा

३ सप्टें.
शैलाला परत झटका. भाकरी थापताना हात थांबला, तोंड वाकडं, दहा मिनिटं शब्द फुटेना. मग म्हणाली, "अवो, पोरीचं नाव आठवंना वो मला." प्राची समोरच उभी होती.
मेंदूत डावीकडे गाठ. काढली तर बोलणं जाईल का, ते बघायला पुण्यात मेंदूचा नकाशा काढणार. एसटी डेपोत रजा टाकली.

८ सप्टें.
पुणे. शै. तासभर मशीनमध्ये. पडद्यावर चित्र येतं, मनातल्या मनात नाव घ्यायचं. बोलण्याची जागा नकाशावर रंगते म्हणे.
परतताना नसरापूर आलं. मग, "निम्मी चितरं कशाची व्हती त्येच कळंना. डोळं मिटून पडले झालं."

११ सप्टें.
पुण्याच्या डॉ. बाईंनी स्क्रीनवर मेंदू गोल फिरवून दाखवला. गाठीजवळ रंग नाहीच. "बोलण्याची जागा लांब दिसतेय. सगळी गाठ काढता येईल." शै. रडली, हसली.
डोळे मिटल्याचं मी बोललो नाही.

१२ सप्टें.
शै. सकाळपासून माहेरी, शेजारी फोन करून सांगतेय, सगळी निघणार.
दुपारी डेपोतून बाईंना फोन. सांगून टाकलं, निम्म्या चित्रांची नावं तिने घेतलीच नाहीत, मग रंग कुठून येणार. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. ओळखीच्या वस्तूंचे फोटो आणा. पुन्हा करू."
शै.ला एवढंच म्हणालो, परत तपासायचंय.

१४ सप्टें.
प्राची आणि मी फोटो काढत. पाटा, सूप, इळा, खुरपं, शेरडू. वेल्ह्याला सासुरवाडीला जाऊन पावसात डोक्यावर घ्यायचं इरलं. सासूबाई, "दवाखान्यात इरलं कशापायी वो पाव्हणं?" काय सांगणार.

१९ सप्टें.
परत मशीन. हसत बाहेर आली. "समदं वळखलं!"

२३ सप्टें.
नकाशा. डावीकडे केशरी डाग, गाठीला चिकटून. बाईंनी वरून दाखवला, खालून, बाजूने. कुठूनच फट नाही.
सगळी गाठ काढली तर बोलणं जाऊ शकतं. ठेवली तर वाढणार. तिला जागं ठेवून, बोलतं ठेवून काढायची. किती निघेल, सांगता येत नाही.
हा नकाशा मीच मागून आणला.

२४ सप्टें.
शै.ला सगळं सांगितलं. एक दिवस गप्प बसलो तेही.
"आन् फोन केलाच नसता तर?"
"केला ना पण."
"त्ये न्हाई इचारलं म्या."
ती उठून गोठ्याकडे गेली.

१ ऑक्टो.
ऑपरेशन आज. काल बाईंनी तिला एकटीला आत घेतलं. मधेच बोलणं अडखळायला लागलं तर थांबायचं की पुढे जायचं, ते तिनेच ठरवायचं होतं. बराच वेळ लागला.
बाहेर आल्यावर विचारलं, काय सांगितलंस?
"बाईंना ठावं हाय."
सकाळी नेली. प्राचीशी बोलत गेली, नर्सशी बोलत गेली. माझ्याकडे नुसतं बघितलं. आता चार तास होत आले. ऑपरेशनचं दार बंदच आहे.