हिरड्याचे चेक आणि मामांचा प्रिंटर

प्रिय राजरत्नमामांस,

प्रतीक्षाचा सप्रेम जय भीम. इकडे सगळे बरे आहेत, असं आईने लिहायला सांगितलंय. (मी बरी नव्हते, पण ते पुढे येईलच.) मामींचा गुडघा काय म्हणतो? येडगावला धरणाची गार हवा असते, त्याने आखडत असेल.

तुम्ही आमच्या संस्थेला, म्हणजे आहुप्याच्या हिरडा गोळा करणाऱ्या बायकांच्या संस्थेला, लेझर प्रिंटर भेट दिलात त्याचं फार कौतुक झालं. (तुमच्या फोटोला हार घालायचा ठरावही आला होता, माणूस हयात आहे म्हणून मी थांबवला.) मी हौसेने सगळ्यांच्या हिरड्याच्या पैशांचे चेक त्याच्यावर छापले. कोऱ्या कागदावर अक्षरं अगदी जागेवर येत होती. पण चेक पडला लहान, तो आत सरकला आणि रक्कम उतरली तळाच्या पांढऱ्या पट्टीवर. मला वाटलं, वाचता येतंय ना, मग झालं! पण त्या पट्टीतले आकडे बँकेचं मशीन वाचतं आणि तिथे दुसरा ठिपकाही त्याला खपत नाही, हे मला कुठे ठाऊक?

सगळे चेक परत आले. वर आहुप्यात बातमी पोचली ती एवढीच, की संस्था बुडाली. सकाळच्या एसटीने आमच्या सभासद झुंबरबाई इथे घोडेगावात, ऑफिसशी उतरल्या, मागे बाकीच्या बायका. ओरडल्या असत्या तर बरं, मामा. त्या समोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, खरं सांग. पैसं हायेत का न्हाईत?" मी "आहेत" म्हणाले, तर माझा आवाज मलाच खोटा वाटला.

मग सगळ्यांना घेऊन बँकेत गेले. (मोर्चा समजून एक हवालदारही थोडा वेळ सोबत चालला.) साहेबांनी आधी शिल्लक दाखवली, मग ती पट्टी. तिथेच बाकावर बसून मी नवे चेक हाताने लिहिले. पान हलू नये म्हणून त्यांच्यातल्याच ठकूबाईंनी चेकबुक दाबून धरलं. चेकवर ज्यांच्या सह्या लागतात त्या दोघीही घोळक्यातच होत्या, म्हणून निभावलं. पैसे मिळाले. चेक परत आल्यापासून आज पहिल्यांदा जेवण गोड लागलं, एवढंच कळवायचं होतं.

तुमची भाची,
प्रतीक्षा

ता. क. एवढंच नव्हतं. रविवारी टेम्पो घेऊन या आणि प्रिंटर घेऊन जा. राग मानू नका.

पुन्हा ता. क. टेम्पो आणू नका. आत्ताच झुंबरबाईंचा फोन आला. रेघ मारून रद्द केलेला छापील चेक त्यांनी माझ्याकडून मागून नेला होता, तो घरात भिंतीला लावलाय. म्हणाल्या, "छापलेल्या अक्षरात माझं येकटीचं नाव हाय, आगंमागं कुनाचं न्हाई. फुडचा बी तसाच पायजे." तेव्हा तुम्ही एकटेच या, आणि पट्टी वाचवून छापायचं कसं, ते मला शिकवा.