उजव्या खांद्याचा एक्स-रे

अप्पा, माझा उजवा हात आता वर जात नाही. फळ्यावर लिहिताना खडू मध्येच अडतो, वेणी घालायला मान खाली घालावी लागते. तुम्हीही असेच मान वाकवून केस विंचरायचात. संध्याकाळी तुम्ही गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातून यायचात, स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा दाबून उभे राहायचात, आणि आईनं विचारलं की तमिळमध्ये म्हणायचात, “परवायिल्ला,” काही हरकत नाही, “जमतंय.” तिथेच शिडीवरून पडून तुमच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

मागच्या महिन्यात अड्यारच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. सांध्याची झीज दिसलीच. पण त्यांचं पेन जरा वर, गळ्याजवळच्या हाडावर सरकलं. “हे जुनं फ्रॅक्चर. कधी पडला होतात?”

“कधीच नाही.”

फोटो दुसऱ्या कुणाचा असेल म्हणून त्यांनी पुन्हा काढायला सांगितला. पुन्हा तेच, मोडून जुळलेलं हाड. “लहानपणी पडला असाल, विसरलात,” ते म्हणाले. घरी येऊन मी मैलापूरला आत्याला फोन केला.  ती म्हणाली, “तू कुठं पडलीस गं? पडला तो माझा दादा. उजव्याच अंगावर.”

ऑपरेशन नको, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनं समजावली. स्टेरॉइडनं सूज आणि दुखणं लवकर उतरतं, पण आराम काही आठवडे, फार तर काही महिने. वरचेवर घेतलं तर सांध्यालाच बाधतं. दुसरं जेलचं, ते वंगणासारखं काम करतं, पण खांद्याला कितपत उपयोग होतो याची खात्री नाही. तिसरं पीआरपी. आपलंच रक्त काढून यंत्रात फिरवायचं आणि त्यातला प्लेटलेटचा भाग सांध्यात सोडायचा. गुण सावकाश येतो, सगळ्यांना येतोच असंही नाही. “पण आला तर जास्त टिकतो. तुमचंच रक्त, भीती कसली?”

मी स्टेरॉइड घेतलं. सुई आत गेली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “परवायिल्ला.” आवाज जड होता, पुरुषाचा. नर्सनं वळून दाराकडे पाहिलं.

आता हात वर जातो. फळ्याच्या वरच्या कडेपासून लिहिते. औषधाचा गुण संपला की डॉक्टर पुन्हा विचारतील, आता पीआरपी घ्यायचं का.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठे पाठवणार? राहील इथेच. डॉक्टरांना मी सांगितलं, मुलांच्या परीक्षा आल्यात, लवकर आराम हवा. ते खोटं नव्हतं. पण रक्त घ्यायची रिकामी नळी ट्रेमध्ये समोरच होती, आणि तिच्यात माझंच रक्त उतरेल, याची मला खात्री वाटेना.