बँकेचा बिल्ला

सांगली, सोमवार, २२ नोव्हेंबर १९९९

पासवर्ड बरोबर. बँकेचं पान उघडतं, वर नावही येतं — आणि पुढच्या दुव्यावर टिचकी मारली की पुन्हा पासवर्ड! कोडंच. आणि मी, महाविद्यालयात संगणक शिकवणारी, जालिंदर फौजींच्या सायबर कॅफेत पुन्हा पुन्हा तोच पासवर्ड मारतेय!

अडलंय ते अंजनाचं. माझी शाळेपासूनची मैत्रीण. कवठे महांकाळहून एस.टी.नं येते. नर्सिंगच्या प्रवेशासाठी डिमांड ड्राफ्ट हवा. तिचं आणि नवऱ्याचं खातं एकाच बँकेत, पण शाखा पुण्याला, म्हणून विनंती इंटरनेटवरून. शुक्रवारी मुदत संपते. सीमेवर असलेल्या सयाजीरावांना तिनं अजून कळवलेलं नाही. "पत्रात न्हाई गं. नवऱ्याला समोर बसवून सांगनार!"

मंगळवार, २३

महाविद्यालयातल्या संगणकावर त्याच बँकेतलं माझं स्वतःचं खातं विनातक्रार चाललं. म्हणजे खोट बँकेत नाही, कॅफेत आहे!

बुधवार, २४

सापडलं! जालिंदरनी सगळ्या यंत्रांवर ब्राउझरच्या कुकी बंद ठेवल्या आहेत — पलटणीतली सवय. "छावणी उठली की चुलीची राखबी ठेवायची न्हाई, मॅडम. म्हनून तर बायामाणसं बिनघोर येत्यात हितं."

हेतू उत्तम. पण बँकेच्या यंत्राला प्रत्येक पानावर आपण नवखेच असतो. गणपतीच्या देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो, तशीच पासवर्ड तपासून बँक ब्राउझरला एक खूण देते. पुढच्या पानावर ती दाखवायची. आपला ब्राउझर ती घेतच नाही. मग बँकेनं आपल्याला परकं मानावं, यातच आपली सुरक्षितता!

"मंजी बिल्ला फेकून चपला मागतोय व्हय मी?"

"अगदी तसंच!"

"लय शाना हाय रं तू, जालिंदर!" — स्वतःलाच. अंजना हसून हसून खुर्चीवरून घसरली.

तडजोड: कोपऱ्यातल्या यंत्रावर कुकी सुरू, गिऱ्हाईक उठलं की त्या पुसून टाकायच्या. विनंती गेली!!

शुक्रवार, २६

कुरिअर आलं. ड्राफ्ट भरला. प्रवेश पक्का!

शनिवार, २७

अंजना कॅफेत पेढे घेऊन आली. मी म्हटलं, पुसापुशी नीट होते का पाहू. चाचणी सोपी, कुणीही करावी: ब्राउझर बंद करायचा, पुन्हा उघडायचा, काहीही न लिहिता बँकेच्या पानावर जायचं. नाव दिसलं, तर खूण राहिली.

नाव दिसलं. अंजनाचं नव्हे — 'नमस्कार, सयाजी'!

जालिंदर छताकडे पाहू लागले. "आवं, पलटणीतला दोस्त माझा... सुट्टीवर आलाय, पर कुनाला सांगायचं न्हाई म्हनला हुता!"

आतल्या पडद्यामागून हसू फुटलं. बोल आता, अंजना — समोर बसव आणि सांग!