दिवस मावळायच्या आत

शिवाजी पेठ, कोल्हापूर

ती. आईस दीपाचा जयजिनेंद्र.

फोनवर शेजारी आप्पा असतात म्हणून पत्र लिहिते. एकटीच वाच.

मी बरी आहे. इव्हेंटवाल्यांकडं शिकाऊ म्हणून लागले, ते काम फार आवडतंय. आता स्टेजचे लाइट मला एकटीला बांधायला देतात. म्हशीला रेडी झाली का?

पण आई, रोज लग्नाच्या जेवणाचा वास घेते आणि उपाशी झोपते. पाहुणे उठल्यावरच आम्हा कामाच्या लोकांची पानं मांडतात. तोवर दिवस मावळलेला असतो. डबा नेते, पण दिवस मावळायच्या आत खायला हात मोकळा होत नाही.

काल हातकणंगल्याला आपल्याच लोकांचं लग्न होतं. "तुला रीत ठाऊक हाय, तूच बघ," म्हणून आमच्या मालकांनी, उन्मेष सरांनी, जेवणाचं माझ्यावर सोपवलं. अख्खा मांडव मी उजेडात जेवू घातला. शेवटची आजी हात धुवून उठली आणि वर बघितलं, तर अंधार. मग लाइट उतरवायला चढले, तर शिडीवर चक्कर आली. सरांनी धरलं म्हणून वाचले. खाली उतरवून ओरडले,

"उपाशी मरायचं आसंल तर घरला जा की! परत आसं झालं तर ठेवणार न्हाय."

घरी आले तर आप्पा पुन्हा पाठवायचे नाहीत.

रात्री न जेवण्याचा नियम आपण दोघींनी मिळून घेतला. मला एकटीला तो मोडवत नाही, आणि आता पाळवतही नाही.

पत्र मिळालं की फोन कर. आप्पा शेजारी असू देत. फक्त एवढंच म्हण, "दीपा, जेवून घे."

मी समजेन.

तुझीच,
दीपा