टेबल नंबर चार आणि माझी पोटदुखी

३ जानेवारी, सकाळी ७
यंदा प्रोफेसर व्हायचंच. जागा एक, अर्ज दोन. एक माझा, एक साडूचा. साडू म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. माझ्याच विभागात, माझ्याच विषयात, माझ्यानंतर चार वर्षांनी आलेला. विषय व्यवसाय-प्रक्रिया व्यवस्थापन. म्हणजे काम कुठून निघतं, कुठे पोचतं आणि मध्ये कुठे अडतं याचं शास्त्र. हे शास्त्र या संस्थेत मी आणलं. साडूने त्यावर फक्त लेख लिहिले.
संकल्प: रोज पाचशे शब्द. साडूचा विचार बंद.

४ जानेवारी
साडूचा लेख मोठ्या जर्नलने स्वीकारला. अभिनंदन केलं, अगदी मनापासून. दहा मिनिटांनी पोटात दुखायला लागलं. कँटीनचा चहा. दुसरं काय असणार?
शब्द: शून्य.

९ जानेवारी
बायको म्हणाली, भावजींनी बघा कसं नाव काढलं. मी म्हटलं, मीही काढलं असतं, पण मी खोलात जाणारा माणूस आहे. तिने विचारलं, मग वर कधी येणार? या घरात विद्वत्तेला किंमत नाही.
पोट.

१२ जानेवारी, दुपारी
कार्यालयातल्या बाईंनी दोरी बांधलेला गठ्ठा पाठवला. वर साडूचं नाव, बढतीची फाइल. आपल्याकडे कुठलाही कागद पुढे जायचा तर 'प्रक्रिया योग्य आहे' असा तज्ज्ञाचा शेरा लागतो. तज्ज्ञ मी. ही पद्धतही मीच सुचवलेली.
गठ्ठा भलताच जाड. काय काय जोडलंय कुणास ठाऊक. दोरी सोडायची इच्छा होईना. अशी गोष्ट निःपक्षपातीपणे बघायला हवी आणि त्यासाठी मन शांत हवं. तूर्त खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, परिषदांत मिळालेल्या पिशव्यांच्या खाली.

२ फेब्रुवारी
माझ्या फाइलचा काही पत्ता नाही. बाईंना विचारणं माझ्या पदाला शोभत नाही. संचालकांच्या टेबलावर असेल. चांगल्या फाइलला वेळ लागतोच.
साडूला खिडकीची खोली मिळाली. खिडकीतून पार्किंग दिसतं. पार्किंग बघण्यात कसलं आलंय सुख? दोनदा जाऊन बघून आलो.

१० फेब्रुवारी
डॉक्टरांकडे गेलो. आपण शास्त्रज्ञ, म्हणून सोबत तक्ता नेला: दुखण्याची तारीख, वेळ, आधी काय घडलं. 'आधी काय घडलं' या रकान्यात नऊपैकी आठ वेळा साडू. डॉक्टर तक्ता वाचून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, असली पोटदुखी गोळीने जात नाही. शिकाऊ दिसतायत. मीच निदान केलं. आजपासून चहा बंद.

२० फेब्रुवारी
कल्पना सुचली! संस्थेत फाइल नेमकी कुठे अडते, यावर लेख. प्रत्येक फाइल कुठल्या टेबलावर कधी आली, कधी गेली, याची संगणकात मिनिटावर नोंद असते. त्या नोंदी मागवल्या. माझी वाट कोण अडवतंय ते एकदा जगाला कळू दे.
शब्द: तीनशे! त्यातले दीडशे आभाराचे.

६ मार्च
निकाल हातात. टेबल एक, दोन, तीन, पाच: सरासरी तीन दिवस. टेबल चार: बासष्ट दिवस! रजेचे अर्ज, प्रबंध, सगळं तिथे कुजतंय. माझी फाइलसुद्धा १२ जानेवारीपासून तिथेच. नोंदीत टेबल कुणाचं ते नसतं, नुसते नंबर. पण कोण हा महाभाग? एका माणसापायी अख्ख्या संस्थेचा खोळंबा.
आज पोट ठीक. चहाच होता.

११ मार्च
चर्चासत्र. संचालक, प्राध्यापक, कार्यालय, सगळे हजर. साडू पहिल्या रांगेत, वही उघडून. पडद्यावर टेबल चारचा लाल खांब दाखवला आणि म्हणालो, हे संस्थेच्या घशात अडकलेलं हाड आहे. या माणसाला शोधा आणि आजच्या आज हलवा. टाळ्या पडल्या. संचालकांनी विचारलं, चार नंबर कुणाचं? शेवटी मागून बाई उभ्या राहिल्या.
"सर, चार नंबर तुमचंच."
मी म्हणालो, मी टेबल नाही, तज्ज्ञ आहे. सगळे हसले. साडू तेवढा हसला नाही. मुद्दामच.

१२ मार्च, सकाळी ८
कुणी यायच्या आत ड्रॉवर उघडला. दोरी सोडली. वर साडूची फाइल, खाली माझी. विभाग एक म्हणून बाईंनी एकत्र बांधलेल्या. दोन महिने माझी बढती माझ्याच गुडघ्यापाशी पडून होती.
साडूची फाइल महिन्यापूर्वीच संगणकावरून पुढे गेली. तीस दिवसांत शेरा आला नाही, तर अर्जदाराने एक ओळ लिहून द्यायची, फाइल सुटते. नियम माझाच. साडूने ओळ लिहून दिली. मी दिली नाही. फेब्रुवारीअखेर बढतीची यादी बंद झाली.
बायकोला सांगितलं. म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा. मग माझा चेहरा बघून न विचारता गरम पोळी वाढली. ते जास्त लागलं.

२ एप्रिल
साडू प्रोफेसर झाला. तज्ज्ञाचं कामही, टेबल चारसकट, त्याच्याकडे गेलं. माझ्याकडून काढलं असं नाही, मला संशोधनाला वेळ हवाच होता. मेव्हणीच्या घरी सगळे जेवायला. साडू स्वतः वाढत होता. मला दोनदा आग्रह केला. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

१९ जून, दुपारी ४
आणखी एक जागा निघाली आहे. माझी फाइल आज टेबल चारवर गेली. संगणकात पाहिलं. आली १०:०४, गेली १०:१५.
अकरा मिनिटं. चाळीस पानं अकरा मिनिटांत कोण वाचतं? नीट वाचलीच नसणार.
शेरा: 'हे शास्त्र या संस्थेत यांनी आणलं. मी यांच्याकडूनच शिकलो. जोरदार शिफारस.'
शेरा चार वेळा वाचला.
पोटात दुखतंय. चहा सोडून चार महिने झाले.