अंगणातली तोटी

मनिला, दहाव्या महिन्याची पौर्णिमा

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवतो.

शियामेनात नळ आले, आपल्या अंगणातही तोटी बसली, हे वाचून मी बाजारभर पत्र दाखवत हिंडलो. त्या पाणी कंपनीत आम्ही इथल्या दुकानदारांनी पैसे घातलेत. माझी तर अकरा वर्षांची कमाई त्यात आहे.

आणि तू अजून विहिरीवर जातेस! "लेकानं दारात पाणी आणलं आणि म्हातारी दोर ओढतेय," असं शेजारीण म्हणते ना? बरोबरच म्हणते. नळाच्या पाण्याला चव नाही म्हणे! गुडघ्यांकडे बघ जरा.

वहिनीचा खोकला थांबला का?

धाकटा बुन-लिओंग इकडे यायला निघाला, की परमुलखाचं पाणी बाधू नये म्हणून मला दिली होतीस तशी घरच्या पाण्याची बाटली त्यालाही देशीलच. एक माझ्यासाठीही दे. इथलं पाणी मला कधी बाधलं नाही, पण हल्ली एकट्यानं जेवताना घशाखाली उतरत नाही.

आणि आई, नळाचं भरू नकोस. विहिरीचं दे, तू शेंदलेलं.

तुझा,
खे-हुआत